साडेसहा लिटर

पंपाच्या मशीनवरचा आकडा साडेसहावर थांबला, तेव्हा मशीनच बिघडलं असेल म्हणून रुपचंदने आधी त्यालाच दोन टिचक्या मारल्या.

"टाकी फुल झाली, दादा," नळी काढत पंपावरची बाई म्हणाली.

सकाळी इथेच, देवपुरातल्या याच पंपावर, त्याने पिकअपची टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली होती. मग ड्रायव्हर छगनला शेजारी बसवून, स्टिअरिंग स्वतःच्या हातात घेऊन तो पारोळ्याला जाऊन आला. बहात्तर किलोमीटर. वाटेत चहालासुद्धा थांबला नाही. मागाहून कोणी म्हणायला नको की मालकाची नजर चुकली. पंधराचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी तीन आठवड्यांपासून अकरावर आली होती. डिझेल कुठे जातंय, याबद्दल रुपचंदला काडीची शंका नव्हती. आठ दिवसांपूर्वी आपल्या बियाण्यांच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांत, त्याने छगनला विचारलं होतं, "डिझेल कोणाला विकतोस रे?" छगन किल्ली काउंटरवर ठेवून निघून गेला होता. आज त्याला मुद्दाम बोलावून आणलं, ते पुरावा तोंडावर फेकायला.

रुपचंदने मनातल्या मनात भागाकार केला. अकरा. मग मोबाइलवर केला. अकराच. आणि आज स्टिअरिंगवर तर तो स्वतः होता.

छगन खाली उतरला, पुढच्या डाव्या चाकापाशी बसला आणि वीतभर अंतरावर तळवा धरून राहिला. रुपचंदने सरळ चाकालाच हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"चाक धरी ऱ्हायनं, भाऊ," छगन म्हणाला. "मी सांगेल व्हतं."

सांगितलं होतं खरं. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा रुपचंदने त्याला उडवून लावलं, कारण पुढचे ब्रेकपॅड त्याने स्वतः बदलले होते. घरी, ओट्यासमोर, मोबाइलवर व्हिडिओ लावून. काळ्या हातांचा फोटो दोन दिवस स्टेटसला मिरवला होता. नवे पॅड थोडे दिवस धरतातच, असं ज्ञान त्याने छगनलाच पाजलं होतं. आज वाटेत जळका वास आला, तेव्हाही त्याने पुढच्या ट्रकवाल्याला दोन शिव्या हासडल्या होत्या.

गाडी पंपाच्या कडेला घेतली. चाक निवायला अर्धा तास गेला. मग छगनने जॅक लावून चाक खोललं आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन ओढली. ती लोण्यात सुरी सरकावी तशी यायला हवी. तिच्यासाठी त्याला पाय रोवावे लागले. पिनभोवतीचं रबर टम्म फुगलं होतं.

"हाई गिरीस कोनतं शे?"

"घरातलं," रुपचंद म्हणाला. मग खालच्या आवाजात, "ट्रॅक्टरचं."

छगनने मान हलवली. त्या ग्रीसने रबर फुगतं, रबर फुगलं की पिन सरकत नाही, आणि मग ब्रेकवरचा पाय काढला तरी पॅड डिस्कला चिकटून राहतो. तीन आठवडे गाडी ब्रेक लागलेलीच पळत होती. डिझेल तिनेच प्यायलं होतं.

रुपचंदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चोर सापडला की काय काय बोलायचं, ते त्याने रात्रीच जुळवून ठेवलं होतं. हे असं निघालं तर काय बोलायचं, याचा विचारच केला नव्हता. आपल्या दुकानात त्या दिवशी कोण कोण उभं होतं, ते चेहरे मात्र त्याला एकेक करून आठवायला लागले.

"नाना, उद्यापासून या गाडीवर," तो कसाबसा म्हणाला. नऊ वर्षं तो नानाच म्हणत आला होता. आठ दिवसांपूर्वी त्या नानाचा नुसता छगन झाला होता.

छगन फडक्याने पिन पुसत राहिला.

"गाडीनं ऱ्हाऊ द्या. दुकानमा बोलनात, तेबी मी इसरी जासू. पन घरमा धुरपदाले कोनी तरी सांगेल शे. ती काही बोलस नही, नुसती माले देखस." त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. "घर चाला. तिले तुम्हीच सांगा."

छगनचं घर पंपामागच्या दुसऱ्या गल्लीत होतं. गाडी तिथेच सोडून दोघं पायी निघाले. वाटेत ओळखीचे दोघे-तिघे भेटले, "काय भाऊ, आज पायी?" म्हणाले, रुपचंदला त्यांच्याकडे नीट बघवेना. तो वाक्य घोटत चालला होता. वहिनी, चूक माझी होती. नको. वहिनी, नानांनी काही केलं नाही, मीच गाढव. हे बरं होतं.

धुरपदाबाई दारात मेथी निवडत बसली होती. मालकाला बघताच ती धडपडून उठली, पदर सावरला, आणि रुपचंदने तोंड उघडायच्या आत त्याच्या पायांशी वाकली.

"भाऊ, नऊ वरीसमा एकदावच चुकनं त्यासनं," ती म्हणाली. "पोटमा घाला."

मागे उंबऱ्याशी छगन चपला काढत होता. एक काढून झाली होती. दुसरी पायातच राहिली.