पाखराच्या मागे

"आमच्या ह्यांचा फोटू पायजे, सर," सारजा म्हणाली आणि अजितच्या दारातच बसली. मागे सून उभी होती, स्वराली. तिचा नवरा बिरू मेंढरांमागं बसल्या जागी गेला, येत्या परवा त्याचा दहावा. घरात फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, आणि तो कुणाचाही वाटावा असा.

महिन्यापूर्वी उजनीच्या काठावर लाल छातीचा हंस पहिल्यांदा बिरूलाच दिसला होता. उत्तरेच्या बर्फातला पक्षी, इकडे येतच नाही. असलं पाखरू जन्मात बघितलं न्हाय, असं त्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा अजित वालचंदनगरहून गाडी काढून धावला. दर रविवारी पक्ष्यांचे फोटो काढायला यायचा, म्हणून ओळख. त्या सकाळी त्यानं सहाशे फोटो काढले. बातमीही छापून आली.

अजितनं लॅपटॉप आणून तिच्यासमोर ठेवला. काय सापडणार ते त्याला ठाऊक होतं. आबा, जरा मागं सरा, फोटोत येताय, असं त्यानंच तीनदा सांगितलं होतं. बिरू मेंढरं घेऊन मुकाट सरत गेला होता. तरीही ज्यात माणूस नाहीतर मेंढरू आलं, ते फोटो अजितनं घरी येताच उडवले होते. ती त्याची नेहमीची सवय.

एक तेवढा राहिला होता. हंसानं पंख उघडले होते, म्हणून. मागे धूसर काहीतरी होतं. फेट्याचा तांबडा ठिपका, खांद्यावर काठी. चेहरा नव्हताच.

सारजा बराच वेळ बघत राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं, असं अजितला वाटलं.

"ह्येच हायेत," ती म्हणाली.

पक्षी काढून मागचं तेवढं मोठं करून देतो, असं अजित म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या पाखरू. त्यांनीच बघितल्यालं हाय." मग तिनं कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "ह्ये काय लिवलंय?"

'प्रथम नोंद व छायाचित्र : अजित रणवरे.' अजितला ते वाचून दाखवता येईना.

स्वराली बारावी झालेली. तिनं ओळ मनातच वाचली, एकदा अजितकडे पाहिलं.

"मामांचं नाव हाय, आत्या."

सारजानं मान हलवली.

"मग चौकटीत नाव झाकू नगा, सर."