लाल माती

तेजलने पाठीवर थाप मारून 'खो' दिला, पण श्रुतिका उठलीच नाही.

समोरचा गडी हातचा निसटला. दोरीपलीकडे बसलेल्या आठवी ब च्या मुलांनी एकच कल्ला केला. मैदानाच्या कडेने सर ओरडले, "अगं ऊठ, पायाला मुंग्या आल्या काय?"

श्रुतिका चौकोनात उकिडवी, गुडघे पोटाशी घट्ट धरून बसलेली. मघापासून कळ येत होती, ती कशाची हे तिला आत्ता कळलं होतं. अंगात पांढरी हाफपँट, आणि पाठ नेमकी त्या दोरीकडे. उद्या वर्गात बसायचं कसं, याशिवाय तिला दुसरं काही सुचेना.

शिट्टी झाली. डाव संपला. बाकीच्या उठल्या, ही तिथेच. आता पुढच्या डावात सगळ्यांदेखत पळायचं होतं.

कॅप्टन तेजल तरातरा आली. तिच्या तोंडाला सगळी टीम टरकून असायची. गडी सोडला की आठवडाभर ऐकवायची. आज आपलं काही खरं नाही, श्रुतिकाला वाटलं.

"काय झालं गं? लागलं?"

श्रुतिकाने नुसती मान हलवली. डोळे भरून आले होते. तेजलने तिच्या मागे वाकून पाहिलं.

सामन्याआधी मैदानावर पाणी मारलं होतं. लाल माती अजून ओली होती. तेजलने त्या मातीत सरळ फतकल मारली.

"नीला, शीतल, सगळ्या इकडे या. बसा."

"पागल झालीस काय? पँटची वाट लागेल ना," नीला म्हणाली.

"बस म्हटलं ना."

नीलाने श्रुतिकाकडे पाहिलं आणि मुकाट बसली. तिच्यामागून शीतल, मग एकेक करत सगळ्याच. खो-खोत फतकल मारणं सरांच्या लेखी महापाप. उकिडवं बसा, हे शिकवता शिकवता बिचाऱ्यांचा घसा बसला होता.

"आता तूपण टेक," तेजल हळूच म्हणाली. "माझ्या बॅगेत पॅड आहे, पुढच्या कप्प्यात. जा बिनधास्त."

श्रुतिका टेकली. माती गार लागली. मग सगळ्या एकदम उठल्या, पँट झटकत, मागे लाल गोल मिरवत. मुलं फिदीफिदी हसली, पण ती सगळ्यांनाच हसली. तिला एकटीला कोणी हसलं नाही. बाथरूमकडे जाताना तिला परत रडू आलं, आणि या वेळी ते तिने आवरलं नाही. तेजलसारखी मुलगी आपल्या टीममध्ये आहे, याचंच तिला फार बरं वाटत होतं.

ती परतली तेव्हा सर सगळ्यांना फैलावर घेत होते. तेजल खाली मान घालून ऐकून घेत होती, एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी.

"या मातीचा डाग कितीही घासा, निघत नाही," सर म्हणाले. "फायनलला पोचलात तर घालणार काय?"

श्रुतिका सरांसमोर कधी तोंड उघडायची नाही. ती तेजलच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"हीच घालू, सर. सगळ्याजणी."