शेवंताक्कांचा दात

शेवंताक्कांनी पडलेला दात रेशन दुकानदार तवटेच्या पुढ्यात ठेवला. "तुझ्या तांदळातल्या खड्यानं पडला."

तवटेनं तो वजनकाट्यावर टाकला. "काटा हलतसुद्धा नाही, अक्का. एवढ्याशाची कसली तक्रार? आणि जाणार कुठं? तुमचं कार्ड माझ्याच दुकानाचं." सगळी रांग हसली. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उडालं आणि मागची सरकारी पाटी दिसली : कार्ड कोणत्याही रेशन दुकानात चालेल. अक्कांनी ती दोनदा वाचली आणि दात उचलून पदराला बांधला.

पुढच्या महिन्यात त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात अंगठा लावून तांदूळ घेतला, पण घरी नेला नाही. ऐन गर्दीच्या वेळी तवटेच्या पायरीवर बसून सुपात निवडायला घेतला. तासाभरात एकही खडा निघाला नाही. दर मुठीला त्या मोठ्यानं हळहळत होत्या, "अगंबाई, यातही नाही!"

रांगेतल्या बायका वाकून सुपात बघायच्या, पिशवीची घडी करायच्या आणि पलीकडच्या गल्लीकडं वळायच्या.

"चुकलं माझं, अक्का. पण आता उठा," तवटे काकुळतीला आला.

"थांब की. अजून चार किलो निवडायचाय."

एवढ्यात दुकानामागच्या घरातून तवटेची म्हातारी आई पिशवी घेऊन, काठी टेकत बाहेर आली. अक्कांनी सूप उचलून तिला वाट दिली.

"आई, तू कुठं निघालीस?"

"पलीकडं. माझे चारच दात राहिलेत रे, बाबा."