दसऱ्याचा फोटो

"भरपाई नाकारलीय त्यांनी. ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती, असं मालकाने लिहून दिलंय," वकीलबाईंनी कागद खाली ठेवला.

समोर बसलेल्या कौसल्याने उजवा हात पदराखाली घेतला. प्रेस मशीनने त्याची तीन बोटं नेली होती. "सहा वर्षं त्याच मशीनवर राबले हो, ताई."

"पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, काहीतरी असेल?"

"तसलं काही कधी दिलंच नाही." मग तिने बिचकत मोबाईल पुढे केला. "हा एक फोटो आहे. दसऱ्याला ज्याचं मशीन, त्यानंच पुजायचं असतं आमच्या कारखान्यात."

फोटोत कौसल्या मशीनला हळदीकुंकू लावत होती आणि शेजारी मालक नारळ घेऊन हसत उभा होता.

"अहो, हाच तर पुरावा!" वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. "आता कसे नाही म्हणतात, बघू."

कौसल्या मात्र मालकाकडे बघतच नव्हती. डाव्या हाताने ती फोटो मोठा करत गेली, स्क्रीनवर फक्त तिचा उजवा हात उरेपर्यंत. कुंकवाने माखलेली पाच बोटं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "कशी लांबसडक होती ना हो बोटं माझी?"