सातव्या सामन्याची यादी

यादीत दालिबोरचं नाव नव्हतं.

त्याने ती पुन्हा वाचली. कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर ती नेहमीसारखीच चिकटवलेली होती. बावीस नावं. अकरा वर्षं कर्णधार असलेल्या माणसाचं नाव तेवढं नव्हतं. विजेतेपदाच्या मालिकेतला सातवा, शेवटचा सामना तीन तासांवर आला होता.

"सर, माझं नाव राहिलंय," प्रशिक्षक कालिनांच्या खोलीत शिरत तो म्हणाला.

"राहिलेलं नाही." कालिनांनी चष्मा काढला. "तुझ्या डोक्याचं मला कळलंय, दालिबोर. आता पुन्हा तो विषय नको."

"कुणी सांगितलं?"

कालिना त्याच्याकडे बघत राहिले. मग चष्मा पुसायला लागले. "जा, सूट चढव. पोरांना तू बाकामागे उभा दिसायला हवास."

ब्रेझिना गावाच्या संघाने आइस हॉकीचा करंडक शेवटचा जिंकला तेव्हा दालिबोर पाळण्यात होता. यंदाही ऑक्टोबरात संघ तळाला होता. पोलाद कारखान्याचे कामगार पाळी संपवून सामन्याला यायचे आणि आपल्याच खेळाडूंची हुर्यो उडवायचे. मग कुठेतरी काहीतरी जुळून आलं. डिसेंबरभर संघ हरला नाही. दालिबोरने चौतीस गोल ठोकले आणि मागे गोलरक्षक इम्रिख भिंतीसारखा उभा राहिला. दोघं सात वर्षांचे असल्यापासून एकत्र खेळत आले होते. दालिबोरच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिताही इम्रिखच.

उपांत्य फेरीत दालिबोरचं डोकं मैदानाच्या कठड्यावर आपटलं. तो उठला, हसला, खेळत राहिला. दोन दिवसांनी इम्रिखला तो वाहनतळावर सापडला. गाडी चालू होती आणि घरी जायला डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे त्याला सुचत नव्हतं.

"डॉक्टरकडे चल," इम्रिख म्हणाला.

"चल म्हणे! डॉक्टर सरळ घरी बसवतील. छत्तीस वर्षं वाट बघतंय हे गाव, इम्रो. कुठे बोललास तर याद राख."

इम्रिखने हात आत घालून गाडी बंद केली. मग "बरं," म्हणाला.

त्यानंतर दालिबोरने तीन आठवडे निभावून नेले. सहावा सामना सोमवारी झाला. मंगळवार झोपेतच गेला, एवढंच त्याला आठवत होतं. संध्याकाळी जाग आली तेव्हा पायांत बूट तसेच होते. आणि आज, बुधवारी, ही यादी.

इम्रिख पायांना पॅड बांधत बसला होता. दालिबोर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"तीन आठवडे गप्प बसलास. अजून तीन तास दम निघाला नाही?"

"काय झालं रे?"

"नाटकं नकोत. तुझ्याशिवाय माहीत होतं कुणाला?"

इम्रिखने दाराकडे, यादीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "मी नाही सांगितलं, दालो. झेल्मिराची शपथ."

"माझ्या पोरीचं नाव तुझ्या तोंडात नको!"

सगळ्यांनी ऐकलं होतं. इम्रिखच्या शेजारी बसलेल्याने आपली पिशवी उचलली आणि तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

त्या दिवशी इम्रिख जन्मात खेळला नव्हता तसा खेळला. त्रेचाळीस फटके त्याने अडवले. दालिबोर बाकामागे सुटाबुटात उभा होता. एकदा, क्षणभर, इम्रिखच्या पायांमधून पकची चकती गोलमध्ये जावी असं त्याला वाटून गेलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

जादा वेळेत ब्रेझिनाने दोन-एक असा सामना मारला. अख्खं स्टेडियम रडत होतं.

करंडक घ्यायला कर्णधार म्हणून दालिबोरलाच बोलावलं. रीत अशी, की करंडक उंचावून झाला की कर्णधार तो आपल्या पसंतीच्या गड्याच्या हातात देतो. इम्रिख घामाने निथळत समोर उभा होता. त्याचे हात अर्धवट पुढे आले होते. दालिबोर त्याला वळसा घालून पुढे गेला आणि हंगामभर एक मिनिटही न खेळलेल्या राखीव गोलरक्षकाच्या हातात त्याने करंडक दिला. इम्रिखने हात हळूच खाली घेतले.

रविवारी चौकात आंबट कोबीच्या सूपच्या कढया चढल्या, बँड वाजला. इम्रिख आला नाही. त्याने फिनलंडच्या संघाशी करार केल्याचं कुणीतरी सांगितलं. घरही विकायला काढलं होतं म्हणे.

"जाऊ दे की," दालिबोर मोठ्याने म्हणाला, "तिकडे कान भरायला नवीन माणसं मिळतील!"

सगळे हसले. तोही हसला, पण सूप तसंच ठेवून घरी गेला.

सोमवारी सकाळी तो निवृत्तीचं पत्र घेऊन कालिनांकडे गेला. कालिनांनी ते वाचलं, घडी घातली, मान हलवली.

"एकच विचारतो, सर," दालिबोर म्हणाला. "इम्रिखने तुम्हाला नेमकं काय सांगितलं? शब्द न् शब्द ऐकायचाय मला."

"इम्रिखने?"

"आता तरी त्याला पाठीशी घालू नका. तीस वर्षांचा दोस्त होता माझा."

"म्हणून तू त्याला करंडक..." कालिना उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता. "मला वाटलं, पोरांना कळू नये म्हणून तू माझ्यापुढेही काही माहीत नसल्यासारखा वागतोयस. इम्रिख माझ्याकडे कधी आलाच नाही रे. मंगळवारी दुपारी माझ्या घरी तू आला होतास, एकटा, पायी चालत. आणि ‘उद्या मी कितीही भांडलो तरी मला बर्फावर उतरू देऊ नका,’ असं सांगून माझ्याकडून तसं वचन घेऊन गेलास."