चार हातांवरून दिसेल असं पुस्तक

“याहून मोठं नाही?” सानिकाने विचारलं.

हर्षदने भजनांचं तिसरं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. रत्नागिरीच्या बाजारात त्याचं दुकान जुनं होतं आणि गिऱ्हाइकाची थट्टा केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. “ताई, याहून मोठी अक्षरं म्हणजे एसटीची पाटीच! कोणासाठी हवंय?”

“सासूबाईंसाठी. चार हातांवरून वाचता आलं पाहिजे म्हणतात.”

“चार हात? मांडीवर घेऊन वाचणार आहेत की अंगणात टांगणार आहेत?”

सानिका हसली खरी, पण तिचं लक्ष कॅलेंडरकडे होतं. हनुमान जयंती आठवड्यावर आली होती.

तिच्या गावी, भाट्याला, वाडीतल्या मारुतीच्या देवळात दर शनिवारी रावजीबुवांचं भजन असे. बुवा म्हणजे सानिकाचे सासरे. चाळीस वर्षं पेटीवर तेच. “पुस्तक बघून गातो तो बुवा कसला?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की अभंगांपेक्षा लोकांना तेच जास्त पाठ झालं होतं.

येसूबाई, त्यांची बायको, जन्मभर बायकांमध्ये मागे बसल्या. दिवाळीपासून मात्र उठून थेट पेटीसमोर, नवऱ्याच्या अगदी पुढ्यात येऊन बसायला लागल्या. का, तर म्हणे मागे ऐकू येत नाही. आता वयच झालं, ऐकू नसेल येत. तेवढ्यावर कोणी काही बोललं नसतं. पण मांडीवर पुस्तक उघडायच्या ते उलटं! एकदा चुकून नव्हे, दर शनिवारी. मागे बायका तोंडाला पदर लावायच्या.

पखवाजवाला गंगाराम मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. गेल्या शनिवारी त्याने सानिकाला देवळाच्या पायरीवरच गाठलं.

“सूनबाई, वैनीचे डोळे गेले गो. बुवांचं बघ, पंचाहत्तरी उलटली तरी एक शब्द इकडचा तिकडे नाही! हनुमान जयंतीला बाहेरची चार मंडळं येणार. पुढ्यातच उलटं पुस्तक दिसलं तर हसं होईल आपलं. तिला परत मागे बसव.”

सानिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा विनोद बोटीवर, घरात मोठी माणसं म्हणजे हे दोघं आणि ती. तिच्या बाळंतपणात याच बाईने दीड महिना तिला पाण्यात हात घालू दिला नव्हता. त्या बाईला चारचौघांत उठवून मागे बसवायचं? जमणार नाही.

“काका, पुढच्या शनिवारी बघा,” ती म्हणाली. “नाही सुधारलं तर मी स्वतः त्यांना मागे नेईन.”

शब्द तर देऊन बसली. घरी येसूबाई पडवीत केसांत माळायला अबोलीचा वळेसर गुंफत बसल्या होत्या.

“आई, डोळे दाखवून येऊ या का?”

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये?” मान वर न करता येसूबाईंनी पुढची गाठ मारली. इतक्या वर्षांची सवय, हातच गुंफतात, सानिकाच्या मनात आलं. “आणायचंच तर मोठ्या अक्षरांचं पुस्तक आण. चार हातांवरून दिसेल असं. आणि उघडलं की उघडंच राहायला हवं, सारखं दाबून धरायला नको.”

रावजीबुवा बाहेर आले. “आज वार कोणता गो?”

“शनिवार. आत्ता तर भजन करून आलात,” येसूबाई म्हणाल्या. घरी बसलेल्या माणसाला सगळे वार सारखेच, त्यात नवल काय!

दुकानात हर्षदने आता शिडी लावून वरच्या फळीवरून एक पुस्तक काढलं. जाडजूड, तारेच्या बांधणीचं. उघडून काउंटरवर ठेवलं तर पान जागचं हललं नाही. अक्षरं हर्षदकडे तोंड करून होती. सानिका मान वाकडी करायला लागली, तसं त्याने पुस्तक फिरवून तिच्यापुढे धरलं. ती चार पावलं मागे सरली, थेट दाराशी जाऊन उभी राहिली आणि तिथून तिने दोन ओळी घडाघडा वाचल्या.

“हेच द्या.”

शनिवारी दिवेलागणीला ती मुद्दाम सासूबाईंच्या शेजारी पेटीसमोर बसली. बघू दे गंगारामला! रावजीबुवांनी भाता धरला, मान नेहमीसारखी खाली घातली आणि आवाज लावला. खणखणीत, देऊळभर घुमणारा.

येसूबाईंनी नवं पुस्तक मांडीवर उघडलं. उलटं.

मागे बायकांत खसखस पिकली. गंगारामने पखवाज वाजवता वाजवताच सानिकाकडे पाहून भुवया उडवल्या. तिचे कान तापले. एवढी पायपीट केली, एवढा शब्द दिला, आणि शेवटी हेच?

“आई, उलटं धरलंय,” ती पुटपुटली. येसूबाईंचा हात आडवा यायच्या आत तिने पुस्तक फिरवून सरळ केलं.

बुवांचा आवाज ओळीच्या मध्येच थांबला.

पेटी वाजत राहिली. पखवाजाचं एक आवर्तन फुकट गेलं, मग दुसरं. बुवांचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता, आणि मघापासून खाली असलेली त्यांची नजर येसूबाईंच्या मांडीवर काहीतरी शोधत होती.

येसूबाईंनी एका हाताने सानिकाचं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्या हाताने पुस्तक पुन्हा होतं तसं उलटं केलं आणि नेमक्या अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं. बुवांनी तिथूनच ओळ उचलली.