नीलांकरैचा डबा

शारजातल्या गॅरेजमध्ये सासऱ्यांचा फोन आला, तेव्हा त्यांच्या तमिळमधून समाधानला बायकोचं नाव तेवढं कळलं. त्याने फोन सोबतच्या सेंदिलकडे दिला. ऐकता ऐकता सेंदिल टायरवर बसला. “भाई, मलर अक्का चली गई. बुखार उतरा ही नहीं.” आणि समाधानच्या आधी तोच रडू लागला. चेन्नईजवळ नीलांकरैच्या किनाऱ्यावर, माहेरच्या गच्चीत मलर मासळी वाळवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर डबा पाठवायची. खानदेशातल्या समाधानला त्या वासाने मळमळायचं. तो डबा सेंदिलला द्यायचा आणि बायकोला सांगायचा, “एका बैठकीत संपवला.” सेंदिलने फोनवर हात ठेवला. “अप्पा पूछते हैं, परसों वाला डब्बा खाया? बुखार में सुखाया था उसने.” समाधान म्हणाला, “बोल, अच्छा था.” सेंदिलने मान खाली घालून तसंच सांगितलं. तो डबा समाधानच्या कॉटखाली आहे. अजून उघडलेला नाही.